पडद्यावरची मराठी आणि वापरणाऱ्याचा हात : इंटरफेस-रचनेच्या व्यवसायाचा आढावा

माणूस आणि यंत्र यांची जेथे गाठ पडते त्या जागेला संगणकाच्या परिभाषेत ‘इंटरफेस’ म्हणतात. मोबाइलच्या पडद्यावरील बटणे, अर्जातील रकाने, चूक झाल्यावर उमटणारी सूचना, कळफलकावरील अक्षरांचा क्रम, इतकेच नव्हे तर व्यवहार पूर्ण झाल्यावर ऐकू येणारा आवाज, या सर्वांचा त्यात समावेश होतो. या जागेची रचना करणे हा आज स्वतंत्र व्यवसाय असून त्यासाठी स्वतंत्र कंपन्या, अभ्यासक्रम आणि आंतरराष्ट्रीय मानके अस्तित्वात आली आहेत. महाराष्ट्रात हा व्यवसाय तीन वेगवेगळ्या उगमांपासून वाढत गेला: पहिला उगम लिपी आणि कळफलक यांच्या तांत्रिक कामाचा, दुसरा अभिकल्पाचे, म्हणजे डिझाइनचे, शिक्षण देणाऱ्या संस्थांचा आणि तिसरा व्यावसायिक सल्लागार कंपन्यांचा. हे तीन प्रवाह कसे घडले, त्यांनी काय साधले आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारख्या तालुक्यात मराठीतून व्यवहार करणाऱ्या माणसापर्यंत त्यातील किती पोहोचले, याचा विचार या लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

संगणक जोपर्यंत प्रयोगशाळेतील तज्ज्ञांच्याच हाती होता, तोपर्यंत तो वापरण्यास अवघड असल्याची तक्रार कोणी केली नाही, कारण वापरणारा आणि घडवणारा एकच होता. १९६८ मध्ये संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस आणि पडद्यावरील मजकुराची थेट हाताळणी यांचे प्रात्यक्षिक दाखवले; १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ आणि १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा ‘मॅकिंटॉश’ हे संगणक चित्रांच्या व खिडक्यांच्या रूपातील इंटरफेस घेऊन बाजारात आले. संगणक कार्यालयांत आणि घरांत शिरताच घडवणारा आणि वापरणारा यांच्यात अंतर पडले, आणि हे अंतर मोजणारी ‘वापरसुलभता’ ही संकल्पना पुढे आली. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिची व्याख्या तीन कसोट्यांवर केली: ठरलेल्या वापरकर्त्याला, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेले काम पुरते करता येणे ही परिणामकारकता, ते कमीत कमी वेळात आणि श्रमात करता येणे ही कार्यक्षमता, आणि ते करताना त्रास न वाटणे हे समाधान. या व्याख्येचा गाभा ‘ठरलेला वापरकर्ता’ आणि ‘ठरलेली परिस्थिती’ या शब्दांत आहे. एखादा पडदा मुळातच सोपा किंवा अवघड नसतो. तो कोणासाठी आणि कोठे, हे सांगितल्याशिवाय त्याच्या सोपेपणाविषयी काहीच म्हणता येत नाही. पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्यावर उभे आहे.

पहिला प्रवाह: लिपी आणि कळफलक

मराठी वाचकाला छापील अक्षराच्या सौष्ठवाची सवय जुनी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याचा देवनागरी टंक देशभर आदर्श मानला गेला, आणि बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवरील आपल्या ग्रंथातून या परंपरेचा सविस्तर अभ्यास मांडला. संगणकाने मात्र ही परंपरा प्रथम खंडित केली, कारण त्याची मूळ रचना रोमन लिपीतील सुट्या, एका ओळीत बसणाऱ्या अक्षरांसाठी होती. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण नंतर उच्चारली जाते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरात दोन-तीन अक्षरांचा एक आकार होतो. हे सर्व यंत्राला शिकवणे हेच मराठी इंटरफेसचे पहिले काम होते.

या कामाची एक महत्त्वाची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली. तेथे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने विकसित झालेले भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यातील ‘सी-डॅक’ या संस्थेत आले. १९८८ मध्ये महासंगणकाच्या निर्मितीसाठी स्थापन झालेल्या या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणनाचे कामही मोठ्या प्रमाणावर केले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे संकेतन, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देण्याची पद्धत, भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक त्याच विचारातून आला: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी. अक्षरे त्यांच्या उच्चारक्रमाने टंकायची आणि त्यांचे दृश्य रूप यंत्राने ठरवायचे, हे तत्त्व त्यात होते आणि आजचे ‘युनिकोड’ हे जागतिक संकेतनही त्याच तत्त्वावर चालते.

तरीही नव्वदच्या दशकात बहुतेक कार्यालयांत आणि छापखान्यांत प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे संकेतन वेगळे होते. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. अक्षररचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज संगणकप्रणालीबरोबर येऊ लागला आणि असंख्य मराठी लोकांनी पडद्यावर पाहिलेले पहिले देवनागरी अक्षर त्यांच्याच हातचे ठरले. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा प्रमाणित तक्ता जाहीर केला, त्यामुळे ल आणि श यांची मराठी वळणे तसेच ॲ आणि ऑ ही अक्षरे यांना अधिकृत आधार मिळाला. पुढे मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षरशाळेने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्यावर उपलब्ध करून दिले, आणि लहान पडद्यावर वाचता येणारी देवनागरी कोणत्याही रचनाकाराला विनामूल्य मिळू लागली.

दुसरा प्रवाह: शिक्षणसंस्था

मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ सुरू झाले. ‘आयडीसी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. येथे प्रथम वस्तूंच्या रचनेवर आणि पुढे दृश्य संवादावर भर राहिला. रघुनाथ जोशी यांनीही अनेक वर्षे येथेच अध्यापन केले. कालांतराने ‘इंटरॅक्शन डिझाइन’, म्हणजे माणूस व यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीची रचना, हा स्वतंत्र विषय येथे शिकवला जाऊ लागला.

या केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले देवनागरी टंकलेखनावरील काम पहिल्या दोन प्रवाहांना जोडणारे आहे. त्यांच्या ‘कीलेख’ या कळफलकात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने, शाळेच्या पाटीवर लिहावीत तशी, ओळी आणि स्तंभांत मांडलेली होती. इंग्रजी कळफलकाचा सराव नसलेल्या माणसालाही क, ख, ग, घ हा क्रम पाठ असतो, आणि जे आधीच पाठ आहे त्याचाच आधार घ्यावा, हा त्यामागचा विचार होता. २०१३ मध्ये आलेल्या ‘स्वरचक्र’ या मोबाइल कळफलकाने हाच विचार स्पर्शपडद्यावर आणला. व्यंजनावर बोट ठेवताच त्याच्याभोवती चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडीतील रूपे दिसतात. बोट त्या दिशेला सरकवले की अक्षर पुरे होते. बाराखडी हे मराठी शाळेतील पहिल्या वर्षाचे ज्ञान आहे आणि त्याला थेट इंटरफेसचे रूप देणे ही या रचनेची खरी देणगी आहे. मानव-संगणक देवाणघेवाणीवरील ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये मुंबईत भरली, तेव्हा या क्षेत्रातील भारतीय संशोधनाला जगाच्या व्यासपीठावर स्थान मिळाले होते.

तिसरा प्रवाह: सल्लागार कंपन्या

इंटरफेस-रचना हा पूर्णवेळ धंदा कसा चालतो, हे समजून घेण्यासाठी ‘ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल’ या कंपनीचे उदाहरण उपयोगी आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक एरिक शॅफर यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत ही कंपनी स्थापन केली, म्हणजे चित्ररूप इंटरफेस सामान्य ग्राहकाच्या हाती येण्याच्याही आधी. पुढे तिने भारतात, मुंबईसह काही शहरांत, कार्यालये उघडली आणि भारतातील कामाच्या उभारणीत अपाला लाहिरी चव्हाण यांनी प्रमुख भूमिका बजावली.

अशा कंपनीचे काम बाहेरून सुंदर पडदे काढण्याचे वाटत असले, तरी त्याचा मोठा भाग पडदा काढण्याच्या आधीचा असतो. प्रथम वापरकर्त्यांच्या घरी, दुकानात किंवा कार्यालयात जाऊन ते आपले काम आज कसे करतात याचे निरीक्षण केले जाते. त्यावरून कामाच्या पायऱ्यांची मांडणी होते. मग ‘वायरफ्रेम’, म्हणजे रंग आणि चित्रे न भरता केवळ जागांची आखणी दाखवणारा कच्चा आराखडा, तयार होतो आणि त्यावरून ‘प्रोटोटाइप’, म्हणजे चालवून पाहता येईल असा तात्पुरता नमुना, बनवला जातो. हा नमुना खऱ्या वापरकर्त्यांच्या हाती देऊन ते कोठे अडतात हे पाहिले जाते, दुरुस्त्या होतात आणि पुन्हा चाचणी होते. या शेवटच्या पायरीविषयी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी दाखवून दिले की एकाच प्रकारच्या पाच वापरकर्त्यांच्या चाचणीतूनही पडद्यातील बहुतेक अडचणी उघड होतात; मात्र वापरकर्त्यांचे गट भिन्न असतील, तर प्रत्येक गटासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते.

शॅफर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वापरसुलभता हा एखाद्या हुशार रचनाकाराचा गुण न राहता संस्थेच्या रोजच्या कार्यपद्धतीचा भाग झाला पाहिजे, असे प्रतिपादन केले. कंपनीने प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे सुरू केली ती याच भूमिकेतून. माणसाला काम करता येते की नाही याच्या जोडीने ते करण्याची इच्छा आणि विश्वास त्याला वाटतो की नाही, याचाही विचार तिने आपल्या पद्धतीत आणला.

भारतीय अनुभवातून जन्मलेली या कंपनीची सर्वांत लक्षणीय पद्धत म्हणजे चव्हाण यांनी विकसित केलेली ‘बॉलिवूड पद्धत’. नेहमीच्या चाचणीत वापरकर्त्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत पडदा वापरावा, अशी अपेक्षा असते. भारतात ही अपेक्षा अनेकदा फसते. समोर बसलेल्या माणसाने केलेल्या वस्तूला तोंडावर नावे ठेवणे येथे उद्धटपणाचे समजले जाते आणि अडचण आली तरी वापरकर्ता ती स्वतःची चूक मानून गप्प राहतो. म्हणून चव्हाण यांनी चाचणीतील कामाला हिंदी चित्रपटाच्या कथानकाचे रूप दिले. भाचीचे लग्न ठरले आहे, वर गुन्हेगारी टोळीतील मारेकरी असून आधीच विवाहित असल्याचे अचानक कळते, आणि त्याच्या पहिल्या पत्नीला घेऊन वेळेत पोहोचण्यासाठी संगणकावरून तातडीने विमानाचे तिकीट काढायचे आहे, अशा प्रसंगात वापरकर्त्याला उभे केले जाते. प्रसंगात रमलेला माणूस संकोच सोडतो आणि तिकीट काढता येईना की उघडपणे चिडतो. रचनाकाराला हवी असलेली माहिती नेमकी त्या चिडण्यात असते. या पद्धतीचे महत्त्व तिच्या रंजकतेपेक्षा मोठे आहे. पाश्चात्त्य चाचणीपद्धतीमागे स्पष्टवक्तेपणाचे एक सामाजिक गृहीतक दडलेले आहे आणि स्थळ बदलले की पद्धतही बदलावी लागते, हे तिने सिद्ध केले.

मात्र या प्रवाहाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मुंबई-पुण्यातील इंटरफेस-रचनेच्या व्यवसायाचा मोठा भाग परदेशी ग्राहक, बँका आणि मोठ्या उद्योगांच्या कामावर वाढला. त्यामुळे पडदे प्रथम इंग्रजीत आखले जातात आणि मराठी आली तरी ती शेवटच्या पायरीवर, भाषांतराच्या रूपाने येते. याचे परिणाम साध्या गोष्टींत दिसतात. देवनागरीत मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार आणि काही जोडाक्षरे खाली जातात, त्यामुळे रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत त्यांचे कोपरे छाटले जातात. मराठी क्रियापद अनेकदा कर्त्याचे लिंग सांगते. ‘मी अर्ज करतो’ असे बटणावर लिहिले की अर्ज करणारी स्त्री त्या वाक्यातून वगळली जाते, पण ‘अर्ज सादर करा’ किंवा ‘मला हे मान्य आहे’ अशी रचना केली की प्रश्नच उरत नाही. हे निर्णय भाषांतरकाराच्या टेबलावर येईपर्यंत उशीर झालेला असतो. ते आराखड्याच्या वेळी मराठी जाणणाऱ्या रचनाकाराने घ्यायचे असतात.

ग्रामीण प्रयोग: वारणेचा धडा

शहराबाहेरच्या वापरकर्त्यासाठी झालेल्या प्रयोगांत कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये हाती घेतलेला वारणा प्रकल्प विशेष अभ्यासला गेला. वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गावोगावी संगणक केंद्रे उभारली गेली आणि शेतीविषयक ज्ञान, बाजारभाव, शासकीय माहिती असे बरेच काही त्यांतून मिळावे अशी योजना होती. प्रत्यक्षात या केंद्रांचा मुख्य उपयोग ऊसउत्पादक सभासद आणि कारखाना यांच्यातील व्यवहारांसाठी, म्हणजे उसाची नोंद, वजन, खतांची उचल यांसाठी झाला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने काही गावांत या संगणकांच्या जागी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग केला आणि शेतकऱ्यांना हवी असलेली माहिती त्यांतून कमी खर्चात, केंद्रापर्यंत न जाता मिळू शकते असे आढळले.

या प्रयोगाचा धडा दुहेरी आहे. वापरकर्त्याला काय हवे आहे हे योजनेच्या कागदावरून ठरत नाही, ते त्याच्या रोजच्या व्यवहारातून कळते. आणि इंटरफेसची श्रीमंती पडद्याच्या आकारावर अवलंबून नसते. टनभर उसाचे वजन सांगणारा एका ओळीचा संदेश, तो योग्य वेळी योग्य माणसाच्या खिशात पोहोचला, तर उत्तम इंटरफेस ठरतो. आज बाजारपेठेतील दुकानात जमा झालेली रक्कम मराठीतून मोठ्याने सांगणारी ध्वनिपेटी हेच तत्त्व पुढे नेते, कारण गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या दुकानदाराचे डोळे आणि हात मोकळे नसले तरी कान मोकळे असतात.

कोरेगावच्या शिवारातून पाहताना

पुणे-मिरज लोहमार्गावरील कोरेगाव हे तालुक्याचे गाव आहे. ऊस, आले आणि वाघ्या घेवडा ही या परिसराची ओळख सांगणारी पिके असून वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. येथील शेतकऱ्याचा शासनाशी सर्वांत जुना कागदी संबंध सातबाराचा: गाव नमुना ७ मध्ये जमिनीच्या हक्कांची आणि गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ या ॲपने ही नोंद स्वतः शेतकऱ्याने मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था आणली. गाव, खाते आणि गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, सिंचनाचे साधन सांगायचे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे, असा तिचा क्रम आहे. शासकीय नोंदवहीतील एक रकाना अशा रीतीने थेट नागरिकाच्या हाती आला, आणि इंटरफेस हा प्रशासकीय हक्काचा प्रश्न बनला.

अशा ॲपच्या रचनाकारापुढील प्रश्न कोरेगावच्या शिवारात उभे राहून पाहिले तर स्पष्ट होतात. शहरी ग्राहकाला ‘घेवडा’ म्हणजे भाजीची हिरवी शेंग वाटते; या तालुक्यात तो शब्द वाळवून विकल्या जाणाऱ्या पट्टेदार दाण्याचा आहे. पिकांची यादी आखताना कोणत्या नावाखाली शेतकरी आपले पीक शोधेल, हे पुस्तकातील वर्गीकरणावरून ठरवले तर नोंद चुकेल आणि त्या चुकीचा परिणाम पीकविम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत पोहोचू शकेल. खरिपात पाऊस असतो, उघडीप मिळाली की पडद्यावर ऊन पडते, हात चिखलाने भरलेले असतात आणि मोबाइलचे जाळे कधी मिळते, कधी मिळत नाही. लहान बटण, फिकट अक्षर आणि जाळ्याविना थांबणारी पायरी या गोष्टी वातानुकूलित कार्यालयात खटकत नाहीत. बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे काम मात्र त्या थांबवतात. व्याख्येतील ‘ठरलेली परिस्थिती’ हीच.

यातून या क्षेत्रातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी मोजला जाणारा प्रश्न पुढे येतो. अनेक ग्रामीण वापरकर्ते पडद्याला स्वतः हात लावत नाहीत. अर्ज ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त चालक भरतो, किंवा घरातील शिकणारा मुलगा वा मुलगी भरते. हे साहाय्य मोलाचे आहे आणि ते राहिलेच पाहिजे. पण अर्ज पूर्ण झाला एवढेच मोजले, तर अवघड पडदाही यशस्वी दिसतो, कारण त्याची अडचण मधल्या माणसाने स्वतःवर घेतलेली असते. मग दुरुस्तीची गरजच कोणाच्या ध्यानात येत नाही आणि शेतकऱ्याला आपल्याच नोंदीत काय लिहिले गेले हे दुसऱ्याकडून ऐकावे लागते.

समारोप

या आढाव्यातून दिसणारे चित्र आशादायक आहे, पण अपुरे आहे. लिपीच्या प्रवाहाने मराठी अक्षर पडद्यावर नीट उमटवले. शिक्षणसंस्थांनी वर्णमाला आणि बाराखडी हे वापरकर्त्याचे स्वतःचे ज्ञान रचनेचा पाया बनू शकते हे दाखवले. सल्लागार कंपन्यांनी निरीक्षण, नमुना आणि चाचणी यांची शिस्त आणली आणि ती शिस्त भारतीय स्वभावाला जुळवून घेण्याची वाटही काढली. अभाव आहे तो या तिन्हींच्या एकत्र येण्याचा. लोकांच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक मराठी सेवेची आखणी मराठीतूनच सुरू व्हावी, चाचणीचा खर्च मूळ कंत्राटातच धरावा आणि यशाची मोजणी करताना किती जणांनी ते काम स्वतःच्या हाताने केले हा आकडा स्वतंत्रपणे नोंदवावा, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या गेल्या तरी पुष्कळ बदल होईल.

या सूचना खर्चिक नाहीत. नीलसन यांच्या हिशेबाने एका गटासाठी पाच माणसे पुरेशी आहेत. नवा पडदा राज्यभर पाठवण्याआधी तो खरिपाच्या दिवसांत कोरेगाव तालुक्यातील पाच शेतकऱ्यांच्या हाती त्यांच्याच बांधावर द्यावा, त्यांपैकी निदान दोन स्त्रिया असाव्यात, आणि रचनाकाराने मदत न करता शेजारी उभे राहून पाहावे. ज्या ठिकाणी त्यांचे बोट थांबेल, त्या ठिकाणी दोष त्यांचा नसून पडद्याचा आहे, हे मान्य करण्यापासून या व्यवसायाची सुरुवात होते.